सिस्टरने गाडीचं तेल बदललं

सिस्टरला स्वस्थ बसता येत नाही, हे तिच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. चहा पिता पिता ती कपाट आवरते, फोनवर बोलता बोलता खिडकीच्या काचा पुसते. झोपेतसुद्धा हिची बोटं चालू असतात, काहीतरी मोजत असते, असं तिचा नवरा सांगतो. खरंच मोजत असणार. छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई ती.

डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यात चिमटा ठेवायचा, एवढंच तिचं काम लोकांना दिसतं. तिला विचाराल तर खरं काम पुढे असतं. पोट शिवायच्या आधी मोजायचं. जाळीच्या कापडाचे तुकडे किती आत गेले, किती बाहेर आले, सुया किती, चिमटे किती. एक सिस्टर मोठ्याने मोजणार, दुसरी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. मग पहिलीने विचारायचं, "काउंट बरोबर?" आणि दुसरीने म्हणायचं, "बरोबर." तो शब्द कानावर पडल्याशिवाय शिवायला सुई द्यायची नाही, मग समोर कितीही मोठा डॉक्टर असो.

एकदा एक तुकडा कमी भरला. डॉक्टर नावाजलेले आणि तितकेच तापट. "सिस्टर, तुम्ही मोजायला चुकलात, सुई द्या," ते ओरडले. हिने सुई मुठीत धरली आणि म्हणाली, "मी चुकले असेन तर पेशंट घरी जाईल. तुम्ही चुकला असाल तर जाणार नाही. शोधा." वीस मिनिटांनी यकृताच्या मागून तुकडा निघाला. डॉक्टर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, आणि त्यानंतर तिच्याशिवाय त्यांनी ऑपरेशनला हात लावला नाही. ही गोष्ट सिस्टरने घरी इतक्यांदा सांगितली होती की नवऱ्याला ती तोंडपाठ होती. ती कुठे थांबणार, कुठे हसणार, सगळं.

नवऱ्याला सगळे फोरमन म्हणतात. पंपाच्या कारखान्यात ते फोरमन होते. यंत्र कुठलंही असो, कानाने ऐकून दुखणं सांगणारा माणूस. हॉस्पिटल घरापासून बावीस किलोमीटर. लग्न झाल्यापासून तिला सोडायला आणि आणायला तेच जायचे, आधी मोटारसायकलवर, मग गाडीने. ऑपरेशन लांबलं तर पार्किंगमध्ये सीट मागे पाडून पडून राहायचे. आणि गाडीचं तेल? ते दर सहा महिन्यांनी घरच्या अंगणात, स्वतःच्या हाताने बदलायचे. "इंजिनाला परक्याचा हात लागू द्यायचा नाही," म्हणायचे. त्यांच्या तेल बदलण्याच्या दिवशी सिस्टरला अंगणात यायची बंदी असायची, कारण ती आली की चिंध्या घड्या करून ठेवायची.

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला वस्तरा खाली पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. बोलणं वाचलं, पण ते सावकाश झालं, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखं.

सिस्टर रडली ती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गाडी शिकायच्या क्लासमध्ये तिने नाव घातलं. सत्तावन्न वर्षांची बाई! शिकवणारा पोरगा तिला आजी म्हणाला, तेव्हा तिने त्याला असं झापलं की त्यानंतर तो मॅडम म्हणूनही घाबरतच बोलायचा. दीड महिन्यात तिच्या हातात लायसन्स होतं. मग घरातली एकेक गोष्ट तिने आपल्याकडे घेतली. पाण्याची मोटर, फ्यूज, गळके नळ, फोरमनची औषधं, त्यांचे कपडे, त्यांनी किती वाजता झोपायचं, कोणत्या खुर्चीत बसायचं, सगळं. अगदी झपाट्याने, न विचारता, न थांबता. लोक म्हणायचे, बाई असावी तर अशी.

उरलं होतं ते गाडीचं तेल. त्याची वेळ दोन महिने उलटून गेली होती. "मी बरा झालो की करतो," फोरमन म्हणायचे. तिने गॅरेजचं नाव काढलं की तोंड फिरवून बसायचे. इकडे इंजिन सकाळी सुरू करताना खडखडायला लागलं होतं, आणि तिकडे मेट्रनबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "दोनदा उशीर झालाय तुम्हाला. घरची अडचण मला कळते. पण थिएटर कुणासाठी थांबत नाही. तिसऱ्यांदा झालं तर मी तुम्हाला बाहेर नावनोंदणीच्या खिडकीवर बसवणार." एकदा फोरमन न्हाणीघरात पडले म्हणून उशीर झाला होता, एकदा गाडी चढावर बंद पडून मागे सरकत गेली म्हणून. तिच्या निवृत्तीला चौदा महिने होते. चौदा महिने खिडकीत बसून लोकांची नावं लिहायची? तिने मनात ठरवून टाकलं होतं, त्यापेक्षा राजीनामा देईन.

म्हणून त्या रविवारी सकाळी दहाला तिने पदर खोचला, म्हणजे आपलं म्हणायचं, जुना ॲप्रन चढवला, आणि म्हणाली, "तेल मी बदलणार. तुम्ही खुर्चीत बसून बघा."

चार वाजता तिची ड्यूटी सुरू होत होती. सव्वातीनला निघायचं. पाच तास हातात. तेल बदलायला तासभर लागतो, हे पुस्तिकेत लिहिलेलं तिने रात्रीच वाचलं होतं.

फोरमननी पूर्वी स्वतः रंधा मारून केलेल्या दोन लाकडी उतरणींवर तिने गाडीची पुढची चाकं चढवली. खाली पुठ्ठा अंथरला. मग, हसू नका, तिने एका स्वच्छ चादरीवर सगळं सामान ओळीत मांडलं. पाना एक, फिल्टर फिरवायचा पट्टा एक, नरसाळं एक, नवा फिल्टर एक, नवा वॉशर एक, चिंध्या पाच. मोठ्याने मोजलं. "आज तुम्ही माझी दुसरी सिस्टर," ती फोरमनना म्हणाली. "मी विचारेन तेव्हा नीट बघून सांगायचं." फोरमन तिरकं हसले.

काम मात्र तिने झकास केलं. तळाचा बोल्ट सैल केला, काळंकुट्ट तेल पसरट भांड्यात धार धरून पडलं. जुना फिल्टर हटून बसला होता. दोन महिने जास्त राहिला म्हणजे काय, चिकटणारच तो. पट्टा लावून तिने दात-ओठ खाऊन जोर केला आणि फिल्टर सुटला. तो हातात उंच धरून ती खालून बाहेर आली, गालाला काळं लागलेलं, तोंडभर हसू. "बघा!" म्हणत तिने तो फोरमनच्या नाकासमोर धरला. "इतकंच काम होतं. आणि तुम्ही दोन महिने अडवून ठेवलं होतंत."

मग फिल्टर भांड्यात उपडा टाकला आणि ती पुन्हा गाडीखाली गेली. नव्या फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या रबरी रिंगला तेलाचं बोट लावलं, पुस्तिकेत लिहिलं होतं तसं. फिल्टर हाताने घट्ट केला. बोल्टला नवा वॉशर घालून तोही बसवला. वरून तेल ओतलं. साडेअकराला ती चादरीसमोर उभी राहिली आणि मोजलं. सगळं सामान जागेवर. काढलेल्या वस्तू भांड्यात.

"काउंट बरोबर?" तिने विचारलं.

फोरमन भांड्याकडे बघत होते. त्यांनी घसा खाकरला. "बरोबर," ते म्हणाले.

तिने गाडी उतरणीवरून खाली घेतली, सुरू केली. इंजिन असं मऊ चालायला लागलं की तिला नाचावंसं वाटलं. दोन मिनिटांनी बंद केली, तेल मोजायची काडी ओढून बघितली, दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये. मग पुसायला म्हणून खाली वाकली, आणि पुठ्ठ्यावर एक थेंब दिसला. बघता बघता शेजारी दुसरा पडला.

"अगं बाई," ती म्हणाली.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. बोल्ट ढिला राहिला असेल. गाडी परत उतरणीवर चढवली, खाली शिरून पाना लावला. बोल्ट घट्ट. वॉशरवर बोट फिरवलं, कोरडा. मग तेल येतंय कुठून? फिल्टर काढताना सांडलेलं असणार, आडव्या पट्टीवर साचलं असणार, ते ओघळतंय. ती जिथे हात पोचेल तिथे पुसत सुटली. हॉस्पिटलातून आणलेली जाळीची पट्टी तिने घरच्या पेटीतून काढली आणि तिचे तुकडे सगळीकडे लावून बघितले, बोल्टखाली, तळाच्या कडेला, फिल्टरखाली. गाडी सुरू करून पाच मिनिटांनी तुकडे काढले. फिल्टरखालचा चिंब.

तेवढ्यात सायलेन्सरच्या पाइपवर थेंब पडला आणि धुराची एक पांढरी रेघ बॉनेटमधून वर आली. वरच्या मजल्यावरची शिलाईवाली गॅलरीतून ओरडली, "सिस्टर, धूर निघतोय!"

"दिसतंय मला!"

"माझ्या भावाच्या गाडीचं असंच झालं होतं. शेवटी भंगारात दिली."

"तुमच्या भावाला नमस्कार सांगा," सिस्टर म्हणाली आणि बॉनेट दाणकन उघडलं.

दीड वाजला.  एका जागी तिचा पाय ठरेना. अंगणातून घरात, घरातून अंगणात. पुस्तिका पहिल्यापासून वाचली. गॅरेजवाल्याला फोन लावला. रविवार, तो जेवायला बसला होता. तोंडात घास ठेवूनच त्याने विचारलं, "तेल जास्त तर नाही ना भरलं? नाही? बोल्ट? बरं, मग फिल्टर पाव आटा अजून फिरवा." आणि मग म्हणाला, "पण सिस्टर, फोरमन घरात असताना मला काय विचारता? त्यांनाच विचारा की. मी त्यांच्याकडून शिकलोय."

"त्यांना आता त्रास नको द्यायला," सिस्टर म्हणाली. फोरमन चार हात अंतरावर बसले होते. त्यांचा डावा पाय जमिनीवर टप टप टप चालू होता. तिने तिथूनच त्यांना हाताने खूण केली, तुम्ही शांत बसा, मी बघते. औषधाची वेळ झाली होती, ती आणून दिली. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, तिच्याकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण तोपर्यंत तिने ग्लास काढून घेतला होता आणि ती पळाली होती.

पट्टा लावून तिने फिल्टर अजून पिळला. पाव आटा, मग अजून थोडा. पुन्हा पुसलं, पुन्हा जाळीचे तुकडे, पुन्हा गाडी सुरू. पाच मिनिटं. दहा मिनिटं. ती गाडीशेजारी उभी, एक नजर घड्याळावर, एक खाली. तुकडे काढले. कोरडे. तिने ते तीनदा उलटसुलट करून बघितले. कोरडेच होते. काडी बघितली, पातळी थोडी उतरली होती, उरलेल्या तेलातलं थोडं घातलं. सुटलो, ती मनात म्हणाली. आणि तरी ती पुन्हा वाकून खाली बघत राहिली. छत्तीस वर्षांत तिला माहीत झालं होतं, रक्त कुठून येत होतं हे न कळता थांबलं, तर ते थांबलेलं नसतं. पण तीन वाजत आले होते. भाड्याच्या गाडीसाठी फोन केला, तर तासभर कुणी यायला तयार नाही. जायचं तर याच गाडीने.

तिने अंघोळ केली, गणवेश घातला, फोरमनच्या हाताशी पाणी आणि फोन ठेवला. "शिलाईवाली आठला जेवण गरम करून देईल. उठून चालायला जाऊ नका." तीन वाजून दहा मिनिटांनी ती गाडीत बसली. चावी फिरवली. आरशात बघत मागे घ्यायला लागली.

धाडकन काहीतरी बॉनेटवर आदळलं. फोरमनची काठी. ते खुर्चीचा हात धरून उभे होते, झोकांड्या खात, तोंड लाल झालेलं. "बंद कर!" ते ओरडले. सात महिन्यांत इतक्या मोठ्याने त्यांचा आवाज निघाला नव्हता. "इंजिन बंद कर! रिंग... दोन रिंग आहेत तिथे!"

तिने गाडी बंद केली. "काय?"

"जुनी रिंग," फोरमन धापा टाकत म्हणाले. "जुन्या फिल्टरबरोबर निघालीच नाही. वरच चिकटून राहिली. तू नवा फिल्टर तिच्यावर बसवलास. एकावर एक दोन. गाडी इथे उभी असताना कळणार नाही. रस्त्यावर वेग घेतलास की... पिचकारी. मिनिटभरात सगळं तेल बाहेर. इंजिन जाम. घाटात असशील तर गाडी ताब्यात राहणार नाही."

सिस्टर उतरली. भांड्यातला उपडा फिल्टर तिने उचलून सरळ केला. त्याच्या तोंडाशी गोल खाच होती आणि खाच रिकामी होती. ती रिंग वेगळी निघू शकते, हे तिला माहीतच नव्हतं. ती फिल्टरचाच भाग असते, असं ती धरून चालली होती. पण फोरमनना माहीत होतं. आणि हाच फिल्टर तिने त्यांच्या नाकासमोर धरला होता, सरळ, तोंड वर करून.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण घड्याळात सव्वातीनला दोन मिनिटं कमी होती. तिने गणवेशावर ॲप्रन चढवला, गाडी उतरणीवर घेतली आणि पट्टा घेऊन खाली शिरली. फिल्टर गरम होता, बोटं भाजली. खालून तिला फक्त फोरमनचे बूट दिसत होते. खुर्चीचा आधार घेत, भिंत धरत ते गाडीजवळ आले होते. एक बूट सरळ, एक बाहेरच्या बाजूला वळलेला.

"कधी दिसलं तुम्हाला?" तिने खालून विचारलं.

बूट हलले नाहीत. "तू फिल्टर दाखवलास तेव्हाच."

"आणि मी काउंट विचारला तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"आणि तुम्ही बरोबर म्हणालात!" तिचा आवाज गाडीच्या पोटाला धडकून तिच्याच कानात घुमला. "छत्तीस वर्षांत मला हा शब्द खोटा कुणी सांगितला नाही. हातापाया पडणाऱ्या शिकाऊ पोरींनी नाही, त्या तापट डॉक्टरनेसुद्धा नाही. आणि तू? अरे, मेले असते मी! कळतंय का तुला?"

तेहतीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदा नवऱ्याला अरे म्हटलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं.

फिल्टर सुटला. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने वर बोट घातलं. इंजिनाच्या गुळगुळीत कडेला एक चपटी, काळी, कडक झालेली रिंग चिकटून बसली होती. नखाने उकरून तिने ती ओढून काढली आणि गाडीखालून बाहेर फेकली. ती बुटांपाशी जाऊन पडली.

"मी मुद्दाम नाही..." फोरमन थांबले. मग म्हणाले, "नाही. मुद्दामच. मला वाटलं, थोडं गळेल. मग तू मला विचारशील. विचारलंस की सांगणार होतो. अगदी वाट बघत होतो. तू पुस्तिका वाचलीस. त्या पोराला फोन केलास. शिलाईवालीशीसुद्धा बोललीस. मला औषध दिलंस आणि गप्प बसायला सांगितलंस."

सिस्टर पुसत होती. कड पुसली, पुन्हा पुसली. नव्या फिल्टरची रिंग बघितली, शाबूत होती.

"आधी तू गाडी घेतलीस," फोरमन वरून बोलत राहिले, एकेक शब्द ओढत. "मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. मग मोटर घेतलीस, फ्यूज घेतलास. हेसुद्धा तुला माझ्याशिवाय जमलं, तर मी कशाला आहे घरात? हे आलं माझ्या मनात. घाणेरडं आहे. पण आलं. आणि एकदा बरोबर म्हटल्यावर परत कसं फिरू, कळेना. दर मिनिटाला जास्त अवघड व्हायला लागलं."

तिला म्हणायचं होतं की मी तुमच्यासाठीच करते सगळं. तोंडात आलेलं ते वाक्य तिने गिळलं, कारण ते अर्धंच खरं होतं. सात महिने ती थांबली नव्हती, कारण थांबली असती तर भीतीने बसली असती. विचारत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर, सगळं आपल्याला जमतंय, याची तिला थोडी चटकही लागली होती.

"किती घट्ट करू?" तिने विचारलं.

बूट जवळ सरकले. "रिंग टेकेपर्यंत हाताने. मग पाऊण आटा. पट्टा नको लावूस."

तिने तसं केलं. वरून तेल घातलं, गाडी सुरू केली, खाली बघितलं. ॲप्रन काढून फेकला. तीन पंचवीस.

"आता ठीक आहे," फोरमन म्हणाले.

"ते मला कसं कळायचं?" ती म्हणाली. तिचा राग जराही उतरला नव्हता. "बसा गाडीत. काही फुटायचंच असेल, तर दोघांवर फुटू दे."

फोरमन जराही आढेवेढे न घेता बसले. डावीकडच्या सीटवर, जिथे इतकी वर्षं ती बसायची. त्यांनी सीटचा पट्टा एका हाताने लावायचा प्रयत्न केला, जमला नाही, तिने तिकडे न बघता तो खेचून लावला.  घाटाच्या चढावर तिने मुद्दाम वेग घेतला. डोळे सतत तेलाच्या दिव्याच्या जागेवर, कान इंजिनावर. दिवा लागला नाही. धूर आला नाही. उतारावर लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून चालवत होतो. शेजारी फोरमनही मान तिरकी करून इंजिनच ऐकत होते.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लागली तेव्हा चारला तीन मिनिटं कमी होती. ती धावत आत जाणार, पण तिच्याने तसंच जाववेना. ती गणवेशातच गुडघ्यावर बसली आणि गाडीखाली बघितलं. सिमेंटची जमीन, कोरडी खडखडीत. फिल्टरच्या तळाला हात लावला, बोट स्वच्छ.

"ठिबकतंय?" वरून फोरमननी विचारलं. आवाजात जीव नव्हता.

"हो," ती म्हणाली.

का म्हणाली, देव जाणे. दिवसभराची तिडीक होती, तीच बोलली.

दार उघडल्याचा आवाज आला. फोरमननी डावा पाय बाहेर टाकला होता आणि उजव्या पायाची पँट मुठीत धरून तो पाय ओढून बाहेर काढत होते. "तू जा," ते म्हणत होते. "तू आत जा, तुझी वेळ झाली. मी बघतो. मी खाली पडून बघतो." त्यांचा तोल जायला लागला. तिने धावत येऊन त्यांना खांद्याने अडवलं आणि परत सीटवर टेकवलं.

"नाही ठिबकत," ती म्हणाली. "काही ठिबकत नाहीये. कोरडं आहे. मी खोटं बोलले."

फोरमन तिच्याकडे बघत राहिले. अर्धं तोंड हलायचं, अर्धं हलायचं नाही, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते नीट कळेना.

"किती वाईट असतं हो असं खोटं बोलणं," ती म्हणाली. "माझं तर एका श्वासापुरतं होतं. तुम्ही चार तास कसे काढलेत?"

 त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, तो दाराला धरलेला होता.

चारला दोन मिनिटं कमी होती. डावा पाय त्यांनी आत घेतला होता, लोंबता उजवा अजून गाडीबाहेर होता. तो उचलून आत ठेवायला ती सवयीने वाकली, आणि मध्येच थांबली.

"पाय मी ठेवू, की तुम्ही घ्याल?" तिने विचारलं.

"घेतो मी."

त्या पायाला आत यायला जवळजवळ मिनिट लागलं. दोनदा तो उंबऱ्याला अडकला. सिस्टर दार धरून उभी राहिली. हात शिवशिवत होते, घड्याळ तिच्या मनगटावरच होतं, तरी तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पाय आत गेल्यावर तिने दार लावलं आणि मग मात्र जीव खाऊन धावली.

चारच्या ठोक्याला तिने हजेरीवर सही केली. मेट्रनबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग तिच्या काळ्या नखांकडे, भाजलेल्या बोटांकडे, गणवेशावरच्या गुडघ्यांच्या दोन डागांकडे.

"कपडे बदला," त्या म्हणाल्या. "आणि हात चांगले घासून घ्या, पेशंट टेबलावर आहे."